ॲप तयार झालं, आता बारा माणसं कुठून आणायची? सॉफ्टवेअर तपासणाऱ्या स्वयंसेवकांचं गणित

कतारगाम (सुरत) : मोबाइल ॲप बनवायला आता मोठी कंपनी लागत नाही. एक लॅपटॉप, बऱ्यापैकी इंटरनेट आणि रात्री जागायची तयारी असली की काम होतं. अडचण येते ती ॲप तयार झाल्यावर.

समजा, कतारगाममधल्या एखाद्या तरुणाने दिवसाची नोकरी सांभाळून एक साधं ॲप केलं. हिऱ्याच्या कारखान्यातल्या कारागिरांनी रोज किती नग केले, मजुरी किती झाली, उचल किती घेतली, हे टिपून ठेवायची वही, पण मोबाइलमध्ये. भाषा तीन : गुजराती, मराठी आणि हिंदी. त्याच्या स्वतःच्या फोनवर ॲप झकास चालतं. तो गुगलच्या प्ले स्टोअरवर खातं उघडतो, २५ डॉलरची एकदाच भरायची फी भरतो, ॲप चढवतो आणि तिथेच अडकतो. कारण ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी गुगल विचारतं : हे ॲप तुमच्याशिवाय आणखी कोणी वापरून पाहिलंय का?

हा प्रश्न कतारगामपुरता नाही. नंदुरबार, नवापूर, शहादा, धुळे इथल्या कॉलेजात शिकणारी पोरं असोत की सुरतच्या लिंबायत, उधना, डिंडोलीत राहणारी खान्देशी घरं असोत, ज्याला स्वतःच्या नावावर ॲप सोडायचं आहे त्याला हा उंबरठा ओलांडावाच लागतो. आणि तो पैशाने नाही, माणसांनी ओलांडायचा आहे.

नियम नेमका काय आहे?

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्यांनी प्ले स्टोअरवर वैयक्तिक डेव्हलपर खातं उघडलं, त्यांना हा नियम लागू होतो. ॲप सर्वांसाठी सोडण्याआधी 'क्लोज्ड टेस्ट', म्हणजे निवडक लोकांपुरती बंद चाचणी घ्यावी लागते. सुरुवातीला त्यासाठी किमान २० टेस्टर लागत. डिसेंबर २०२४ मध्ये हा आकडा १२ वर आणला गेला. पण दुसरी अट कायम आहे : हे बारा जण सलग १४ दिवस चाचणीत सामील असले पाहिजेत.

'सलग' या शब्दात खरी गोम आहे. पंधरा जणांना लिंक पाठवली, तेरा जण आले, नवव्या दिवशी दोघे कंटाळून बाहेर पडले, तर उरले अकरा. अट तुटली. म्हणून जाणकार डेव्हलपर बारावर थांबत नाहीत, अठरा-वीस जण जमवून ठेवतात.

चौदा दिवस झाले की काम संपत नाही. मग अर्ज करावा लागतो आणि त्यात प्रश्न असतात. टेस्टर कसे मिळवले? त्यांनी ॲप खरंच वापरलं का? काय सांगितलं? त्यावरून ॲपमध्ये काय बदललं? उत्तरं पोकळ वाटली तर आणखी चाचणी करा असं सांगून अर्ज परत येऊ शकतो. थोडक्यात, नुसती नावं भरून भागत नाही.

संस्थेच्या किंवा कंपनीच्या नावाने उघडलेल्या खात्याला ही अट नाही, पण तिथे नोंदणीची वेगळी कागदपत्रं लागतात. एकट्याने काम करणाऱ्याला ते परवडेलच असं नाही.

आयफोनची तऱ्हा वेगळी. तिथे बाहेरच्या टेस्टरची किमान संख्या ठरलेली नाही. ॲपलच्या 'टेस्टफ्लाइट' सोयीतून एका ॲपसाठी बाहेरचे १० हजार लोकही तपासणीला बोलावता येतात आणि तपासणीसाठी दिलेली आवृत्ती ९० दिवस चालते. मात्र डेव्हलपरला दरवर्षी ९९ डॉलर भरावे लागतात, आणि कारखान्यातल्या दहा कारागिरांत आयफोन किती जणांकडे असणार हा प्रश्न उरतोच.

स्वतःच्या फोनवर चालतं, मग दुसऱ्याच्या का नाही?

कतारगामला हे समजावून सांगायची फारशी गरज नाही. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ भारतात घासले जातात आणि त्यातले बहुतेक सुरतमध्ये. गोल ब्रिलियंट घाटाच्या हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात. ज्या कारागिराने तो दिवसभर सरणीवर धरला, त्याचाच डोळा शेवटची तपासणी करत नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घेऊन दुसरा माणूस बघतो. कारागीर कच्चा असतो म्हणून नव्हे, तर ज्याने वस्तू घडवली त्याचा डोळा त्या वस्तूला सरावलेला असतो म्हणून.

सॉफ्टवेअरचंही तेच. ज्याने ॲप बनवलं त्याला कुठलं बटण आधी दाबायचं हे पाठ असतं. चुकीचं बटण तो दाबतच नाही. नवा माणूस मात्र पहिलं बटण चुकीचंच दाबतो, आणि तिथेच ॲप बंद पडतं.

दुसरं कारण म्हणजे फोनांची गर्दी. अँड्रॉइड एकच असलं तरी प्रत्येक कंपनी त्यात आपले बदल करते. कुणाच्या फोनची बॅटरी वाचवण्याची सोय इतकी कडक असते की ॲप मागे गेलं की फोन ते मारूनच टाकतो, मग संध्याकाळची आठवण वाजतच नाही. कुणाच्या फोनची मेमरी इतकी कमी की फोटो काढायला गेलं की ॲप गायब. कुणी अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात, विशेषतः चाळिशी लागलेल्यांनी, आणि मग 'जतन करा' हे बटण पडद्याच्या खाली निघून जातं. एकट्या डेव्हलपरकडे एवढे फोन असणं शक्य नाही. गल्लीत मात्र ते सगळे असतात.

तपासणीशिवाय एकदम सगळीकडे अपडेट सोडलं की काय होतं, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडले. विमानं खोळंबली, आणि भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. त्यानंतर कंपनीने अशी अपडेट टप्प्याटप्प्याने सोडायचं ठरवलं : आधी थोड्यांना, सगळं ठीक असलं तर पुढच्यांना. बंद चाचणीमागेही हाच साधा विचार आहे. चूक व्हायचीच असेल तर ती बारा जणांपुरती व्हावी, बारा लाखांपर्यंत जाऊ नये.

मराठी माणूसच पकडू शकेल अशा चुका

सीमाभागातल्या वाचकांचा खरा उपयोग इथे आहे. काही चुका अशा असतात की त्या बंगळुरूच्या इंजिनिअरला दिसत नाहीत, यंत्राला कळत नाहीत, पण मराठी वाचणाऱ्याला क्षणात खटकतात.

'ॲप' हाच शब्द घ्या. यातलं 'ॲ' हे अक्षर युनिकोड या जागतिक अक्षरसंचात २००८ मध्ये स्वतंत्रपणे आलं. जुन्या फोनवर त्याच्या जागी रिकामी चौकट दिसू शकते. शिवाय हेच अक्षर काही जण 'अ'वर चंद्र देऊन टाइप करतात. डोळ्याला दोन्ही सारखीच, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं. परिणाम असा की एकाने साठवलेलं नाव दुसऱ्याला शोधून सापडत नाही. वापरणाऱ्याला वाटतं, आपली नोंदच उडाली.

तीच गोष्ट 'वाऱ्यावर', 'पुढाऱ्याला', 'कोऱ्या' या शब्दांतल्या अर्ध्या 'र'ची. मराठीत तो आडवा, पापणीसारखा काढतात. हिंदीसाठी बनवलेल्या फॉन्टवर किंवा कीबोर्डवर तो भलतीकडेच रफार होऊन बसतो आणि 'कोऱ्या'चं 'कोर्या' होतं. 'ल' आणि 'श' यांचीही मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. वाचता येतं, पण परकं वाटतं.

आकड्यांची भानगड तर पैशाशी जोडलेली आहे. फोनचा कीबोर्ड मराठीवर असेल तर माणूस '५००' टाइप करतो. ॲपला फक्त इंग्रजी पद्धतीचेच आकडे कळत असतील तर ते एकतर नोंद नाकारतं, नाहीतर गुपचूप शून्य धरतं. मजुरीच्या वहीत शून्य पडलं तर महिनाअखेरीला हिशेब कुणाशी करायचा? गुजराती आकड्यांचंही असंच होऊ शकतं.

भाषांतराच्या चुका वेगळ्याच. 'उचल' आणि 'उधार' यांतला फरक, 'हजेरी' आणि 'उपस्थिती' यांपैकी कारखान्यात खरोखर कोणता शब्द चालतो, हे शब्दकोश सांगत नाही. जो रोज तो शब्द वापरतो तोच सांगतो. सुरतेत वाढलेल्या मराठी मुलाचा शब्द आणि नंदुरबारच्या त्याच्या मामाचा शब्द यांतही अंतर पडतं. म्हणून दोन्ही बाजूंचे टेस्टर हवेत. नवापूर रेल्वे स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे, आणि तिथे मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत घोषणा होतात. या पट्ट्यातल्या माणसाला ॲपची भाषा बदलून पाहणं मुद्दाम शिकवावं लागत नाही.

जगभर हे काम कसं चालतं?

स्वयंसेवकांकडून सॉफ्टवेअर तपासून घेणं ही काही गुगलने काढलेली युक्ती नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ही जुनी रीत आहे.

लिब्रेऑफिस हे पत्रं, तक्ते, सादरीकरणं करायचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर २०१० पासून 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही संस्था चालवते. वर्षातून दोन मोठ्या आवृत्त्या येतात, साधारण फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. त्याआधी कच्ची आवृत्ती लोकांसमोर ठेवली जाते आणि चुका शोधायचे खास दिवस ठरवले जातात. विंडोज, मॅक, लिनक्स यांपैकी ज्याच्याकडे जे असेल त्यावर त्याने चालवून पाहायचं. तपासणीची आवृत्ती नेहमीच्या आवृत्तीच्या शेजारी वेगळी बसते, त्यामुळे रोजचं काम अडत नाही. लिब्रेऑफिस मराठीतही आहे, म्हणजे मराठी मेनू वाचून त्यातल्या चुका सांगणारे लोक तिथेही हवेच असतात.

फायरफॉक्स ब्राउझरची पद्धत चाळणीसारखी आहे. 'नाइटली' ही आवृत्ती रोज ताजी बनते आणि हौशी लोक ती वापरतात. तिथे टिकलेलं 'बीटा'मध्ये जातं, आणि तिथेही टिकलं तर सगळ्यांना मिळतं. साधारण दर चार आठवड्यांनी ही फेरी पूर्ण होते.

उबुंटू ही लिनक्सची प्रणाली दरवर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये नवी येते. येण्याआधी स्वयंसेवक ती आपापल्या कॉम्प्युटरवर बसवून बघतात आणि 'वायफाय चाललं', 'आवाज आला नाही' अशा नोंदी करतात. फेडोरामध्ये 'टेस्ट डे' असतो : एक दिवस, एकच विषय, आणि काय तपासायचं त्याची यादी आधीच तयार. नवख्या माणसाला हे फार सोपं पडतं, कारण काय करू हा प्रश्नच उरत नाही.

या सगळ्यांतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली : लोकांना 'बघा जरा' असं न सांगता नेमकं काम द्यायचं. दुसरी : कच्ची आवृत्ती त्यांच्या पक्क्या कामात घुसवायची नाही.

माणसं जमली, पण ऐकलंच नाही तर?

टेस्टरची संख्या मोठी असली की सगळं सुरक्षित, असं मानू नये. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये 'विंडोज इनसाइडर' नावाची योजना सुरू केली. त्यात लाखो लोक स्वखुशीने विंडोजच्या कच्च्या आवृत्त्या वापरून मत कळवतात. तरी २ ऑक्टोबर २०१८ रोजी आलेल्या विंडोज १० च्या अपडेटने काही लोकांच्या फाइल पुसून टाकल्या. कागदपत्रं, फोटो, सगळं. चारच दिवसांत अपडेट थांबवावं लागलं आणि ते पुन्हा आलं १३ नोव्हेंबरला.

पुढे जे उघड झालं ते अधिक बोचणारं होतं. काही स्वयंसेवकांनी ही चूक अपडेट येण्याआधीच कळवली होती. पण तक्रारींच्या ढिगात ती खाली राहिली, कारण तिला 'मलाही असंच झालं' म्हणणारे थोडे होते. जी तक्रार जास्त जणांची ती वर, असा हिशेब होता. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तक्रार किती गंभीर आहे हे नोंदवायची सोय दिली.

धडा सरळ आहे. 'रंग आवडला नाही' असं दहा जण म्हणतील आणि 'माझी महिन्याची नोंद पुसली गेली' असं एकच जण म्हणेल. आधी त्या एकाचं ऐकायचं.

बारा जण कसे निवडायचे?

घरचे आणि मित्र पहिल्यांदा आठवतात, आणि त्यांच्यापासून सुरुवात करण्यात गैर काही नाही. पण बाराही जण एकाच वयाचे, एकाच कॉलेजचे, एकाच कंपनीचा फोन वापरणारे असले तर एकच माणूस बारा वेळा तपासल्यासारखं होतं. आणि चुलतभाऊ सहसा 'भारी आहे भाऊ' एवढंच लिहितो.

मजुरीच्या वहीचं ॲप असेल तर निवड अशी करता येईल : चार-पाच जण प्रत्यक्ष कारखान्यात बसणारे, दोघे-तिघे भरतकाम किंवा मागावर काम करणारे, एक-दोन जणी घरी नगावर काम करणाऱ्या, एखादा हिशेबनीस, दोघे महाराष्ट्राच्या बाजूचे, आणि एक तरी माणूस ज्याला ॲप या प्रकाराचाच कंटाळा आहे. फोन जितके वेगवेगळे तितकं बरं : एक जुना, एक स्वस्त, एक कमी मेमरीचा, एक नवाकोरा.

बोलावताना गोष्ट स्पष्ट सांगावी. संदेश साधारण असा असला तरी पुरे : 'काका, कारागिरांसाठी मजुरीची वही असं ॲप केलं आहे. पंधरा दिवस तुमच्या फोनमध्ये ठेवा, रोज पाच मिनिटं खरी नोंद करा. पैसे मिळणार नाहीत, पैसे लागणारही नाहीत. काही अडलं तर फोटो काढून मला पाठवा. कंटाळा आला तर काढून टाकण्याआधी एक फोन करा.' यात वेळ आहे, काम आहे, मोबदल्याचं खरं उत्तर आहे आणि सलग चौदा दिवसांची काळजीही आहे.

दिवस कोणते निवडायचे यालाही महत्त्व आहे. दिवाळीत हिऱ्याचे कारखाने बरेच दिवस बंद राहतात, कतारगाम, वराछाची मंडळी सौराष्ट्राकडे गावी जातात. खान्देशी घरं आखाजीला गावाकडे वळतात. मधोमध असा सण आला तर कुणी नोंद करणार नाही. पण याची दुसरी बाजूही आहे : गावाला नेटवर्क एक दांडी, लाइट जाऊन-येऊन. तिथे ॲप नोंद सांभाळून ठेवतं का, हे सुरतेत बसून कधीच कळणार नाही. म्हणून चौदापैकी दोन-तीन दिवस गावाकडचे आले तर उत्तमच.

रोजचं काम छोटं ठेवावं. आज फक्त नोंद करा. उद्या भाषा बदलून पाहा. परवा इंटरनेट बंद करून वापरा. नंतर एक दिवस फोन दुसऱ्याच्या हातात द्या आणि काहीही न शिकवता बघा. आणि कुणी चूक सांगितली की दुरुस्त झाल्यावर त्याला आवर्जून कळवावं. आपण सांगितलं ते झालं, हे दिसलं की माणूस टिकतो. नाहीतर पाचव्या दिवसापासून कुणी उत्तर देत नाही.

चूक कशी कळवायची?

'ॲप चालत नाही' या वाक्याचा डेव्हलपरला काही उपयोग नसतो. याउलट हे पाहा : 'मराठी भाषा निवडली. नवी नोंद उघडली. नग या जागी मराठी आकड्यात ४५ लिहिले. जतन केलं. ४५ दिसायला हवे होते, ० दिसला. तीनदा केलं, तीनही वेळा तसंच. इंग्रजी आकडे लिहिले तर बरोबर येतं.' सोबत फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि पडद्याचा फोटो.

म्हणजे पाच गोष्टी : काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, पुन्हा केलं तर पुन्हा होतं का, आणि फोन कोणता. एवढं लिहायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. बोलून सांगणं सोपं वाटत असेल तर आवाजाचा संदेशही चालतो, नाहीतर पडद्याचं रेकॉर्डिंग पाठवावं. बंद चाचणीत प्ले स्टोअरवर दिलेलं मत फक्त डेव्हलपरला दिसतं, ॲपच्या जाहीर गुणांवर त्याचा परिणाम होत नाही. त्यामुळे भिडेखातर गोड बोलण्याचं कारण नाही.

'टेस्टिंगचं काम आहे, घरबसल्या पैसे' : इथे सावध

हिऱ्याच्या धंद्याचे गेले दिवस सोपे नव्हते. २०२४ मध्ये रशियन हिऱ्यांवर जी-७ देशांनी निर्बंध आणले, २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं. काम कमी झालं की माणूस जोडधंदा शोधतो, आणि नेमकं तेव्हाच मोबाइलवर संदेश येतो : ॲप तपासा, रेटिंग द्या, रोज हजार कमवा. सुरुवातीला शे-दोनशे खात्यात येतातही. मग मोठ्या 'टास्क'साठी आधी पैसे भरायला सांगितले जातात, आणि ते परत येत नाहीत.

खरी चाचणी आणि फसवणूक यांत फरक ओळखणं अवघड नाही. खऱ्या चाचणीत टेस्टरकडून कधीही पैसे मागितले जात नाहीत. ओटीपी, बँकेचा पिन, आधारचा फोटो, दुसऱ्याचा पडदा बघू देणारं ॲप, यातलं काही मागितलं जात नाही. प्ले स्टोअरची बंद चाचणी गुगल खात्याने लिंकवर होकार देऊन सुरू होते आणि ॲप प्ले स्टोअरमधूनच उतरतं. व्हॉट्सॲपवर कुणी एपीके फाइल पाठवून 'हेच टेस्टिंग ॲप' म्हणत असेल, तर ती उघडू नये. लग्नपत्रिकेच्या नावाने अशाच फाइल पाठवून लोकांची खाती रिकामी केल्याचे प्रकार घडलेले आहेत. ओळखीच्या नंबरावरून आली तरी आधी फोन करून विचारावं. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

डेव्हलपरनेही पथ्य पाळायचं आहे. पैसे घेऊन बारा टेस्टर पुरवणारे आहेत, 'तू माझं बसव, मी तुझं बसवतो' अशी अदलाबदलीही चालते. आकडा भरतो, पण असे लोक ॲप उघडतही नाहीत, मग अर्जात काय सुधारलं याचं उत्तर देता येत नाही. आणि ज्या चुका चाचणीत सापडायच्या त्या नंतर खऱ्या कारागिराच्या मजुरीत सापडतात. दुसरं म्हणजे, लोक आपली खरी कमाई त्यात लिहिणार आहेत. ती माहिती कुठे साठते, कोण पाहतं, पुसायची कशी, हे आधी सांगितलंच पाहिजे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे : संमती घ्या, ती मोकळेपणाने घ्या.

फुकट काम का करायचं?

प्रश्न रास्त आहे. नगावर पैसे मिळवणाऱ्या माणसाला वेळेची किंमत कळते. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, उबुंटू यांसारखी सॉफ्टवेअर सगळ्यांची असतात. तिथे सांगितलेली चूक दुरुस्त झाली की शाळेपासून दुकानापर्यंत सगळ्यांना फायदा. तिथे स्वखुशीने काम करणं म्हणजे गावच्या विहिरीतला गाळ काढण्यासारखं आहे. ओळखीच्या एकट्या मुलाचं पहिलं ॲप असेल तर तीही मदतच. पण नफ्यासाठी चालणारी कंपनी महिनोन् महिने ठराविक काम, ठराविक वेळ मागत असेल, तर ती स्वयंसेवा नाही, ती नोकरी आहे. तिथे मोबदला मागायला लाजू नये.

शिकणाऱ्या मुलामुलींना मात्र यात एक खरा फायदा आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांत तपासणी हे स्वतंत्र काम आहे, त्याच्या वेगळ्या जागा निघतात. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये केलेली प्रत्येक नोंद स्वतःच्या नावाने, तारखेसह जाहीर राहते. मुलाखतीत 'मला टेस्टिंग येतं' म्हणण्यापेक्षा 'या दहा चुका मी सांगितल्या, यातल्या चार दुरुस्त झाल्या' असं दाखवता आलं, तर इंग्रजी थोडं अडखळलं तरी भागतं. पहिलं पाऊल म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर लिब्रेऑफिस मराठीत लावून एक अर्ज टाइप करून पाहावा. एखादा शब्द खटकला, एखादं अक्षर फुटलं, की पहिली नोंद करायला विषय मिळाला.

आणि कतारगाममधून, नाहीतर नंदुरबारच्या एखाद्या गल्लीतून, 'पंधरा दिवस माझं ॲप वापरून बघ ना' असा निरोप आला, तर आधी वरची सावधगिरी तपासावी, ओळख पटवावी, आणि मग होकार द्यावा. दिला तर चौदाही दिवस टिकावं, आणि 'भारी आहे' एवढंच न लिहिता काय अडलं ते लिहावं. ती एक ओळ मिळाली नाही, तर पुढे त्याच ठिकाणी कुणाची तरी मजुरी अडेल.